मेलेल्या पेशींची ओ

इटलीतल्या पादोवा शहरातल्या एका प्रयोगशाळेत मिरेल्ला झोर्झेत्तो अकरा वर्षं हंगामी नोकरीवर होती. काम काय, तर उंदराच्या मेंदूतल्या पेशी बशीत जगवायच्या, दर दोन दिवसांनी त्यांच्या खाण्याचं गुलाबी पाणी बदलायचं आणि विजेवर चालणाऱ्या एका कृत्रिम पेशीशी त्यांचं सूत जुळवायचं. ते मेलं काही केल्या जुळत नव्हतं. कृत्रिम पेशीला कायम घाई, जिवंत पेशी आपल्याच तंद्रीत. हळू हाक मारली तर ढिम्म, जोरात मारली तर जीवच सोडायच्या. सप्टेंबरात प्रकल्पाला पैसे देणाऱ्या ब्रुसेल्सच्या कचेरीतून तपासनीस बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर हाकेला ओ मिळाली, तर मिरेल्लाला पाच वर्षांचा करार, नाहीतर घरी.

त्यात मध्येच ऑगस्ट आडवा आला. ऑगस्टात अख्खं गाव सुट्टीवर, पाव मिळायची मारामार, तिथे मेंदूला कोण विचारतो! मिरेल्ला म्हणाली, मी थांबते. प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक मारांगोन यांना ते ऐकूनच कसंतरी झालं. ऑगस्टात माणसानं समुद्रावर जायचं असतं, एवढं साधं हिला कळू नये? पेशींचं मी बघतो, तू जा, म्हणाले. बघितलं ते असं, की दरवर्षीच्या सवयीनं खालून अख्ख्या इमारतीची वीज बंद केली आणि कुलूप लावून स्वतःही निघून गेले. कृत्रिम पेशी तेवढी बॅटरीवर होती.

तीन आठवड्यांनी मिरेल्ला परतली, तर प्राध्यापक पडद्यासमोर हरखून उभे. हाक जात होती, ओ येत होती, एकही चुकत नव्हती.

"बघ, सुट्टी त्यांनाही मानवली," ते म्हणाले.

मिरेल्लानं बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळ्या मेलेल्या. खारट पाण्यातून कृत्रिम पेशीचीच हाक फिरून तिच्याकडे येत होती.  प्राध्यापकांना सांगितलं, तर म्हणाले, ओ आली का एवढंच ब्रुसेल्सच्या बाई विचारतील, कोणी दिली हे कशाला विचारतील?

तपासनीस बाईंनी खरंच नाही विचारलं. त्या बेहद्द खूश होत्या. प्राध्यापकांनी कराराच्या कागदावर सहीसाठी मिरेल्लापुढे पेन धरलं. पाच वर्षं हातभर अंतरावर होती. आपण आता काय करणार हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

"मॅडम, या पेशी मेल्यात," ती म्हणाली. "ऑगस्टातच."

"मग उत्तर कोण देतंय?"

"तीच, कृत्रिम. स्वतःच हाक मारते आणि स्वतःच वा वा करते. आमच्याकडे तशी पद्धतच आहे."

प्राध्यापकांचा चेहरा झटकन उतरला. बाई मात्र विचारात पडल्या. खायला न मागणारा, सुट्टीत न दगावणारा मेंदू म्हणजे काय थोडी गोष्ट झाली?

प्रकल्पाला पाच वर्षांची मंजुरी मिळाली. मिरेल्लालाही पत्र आलं, त्यात लिहिलं होतं: आपली नेमणूक जिवंत पेशींच्या देखभालीसाठी होती. प्रयोगशाळेत आता जिवंत असं कोणी उरलं नसल्यानं आपली गरज नाही. खाली प्राध्यापकांची सही होती.