अकराव्या धड्यापर्यंत

चष्मेवाल्याने लेकीच्या नाकावरच्या तपासणीच्या फ्रेममध्ये आणखी एक भिंग बसवलं.

"आता?"

"बाबा, मी घुबड दिसतेय."

"घुबडाला दिसतं तरी. कार्ड वाच."

ती कार्डाकडे नुसतीच बघत राहिली. शाळेच्या बाईंचा निरोप आला होता: मुलीला वाचता येत नाही, सोमवारी टॅब बाजूला ठेवून पुस्तकातून वाचायला लावू, नाही जमलं तर एक इयत्ता खाली बसवावं लागेल. डोळ्यांचाच दोष असणार, असं तो चार दिवस मनाला बजावत होता. डोळ्यांवर त्याच्याकडे इलाज होता.

"कार्ड नको. धडा वाचू?"

तिने पुस्तक उघडलं आणि सातवा धडा घडाघडा म्हटला. त्याच्या जिवात जीव आला. बाईंना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग एका वाक्याच्या मधोमध ती थांबली. दोनदा खोकली, आवंढा गिळला आणि पुढे निघाली.

तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. शेवटच्या महिन्यांत बायको उशीला टेकून आपल्या आवाजात टॅबमध्ये एकेक धडा भरायची. "माझ्यापायी पोरीचं अडायला नको." ती गेल्यावर लेक कानात हेडफोन घालून अभ्यासाला बसे. तो आवाज आपल्या कानावर पडत नाही, यातच त्याला बरं वाटायचं.

त्याने हळूच पानावर तळहात ठेवला. लेकीचं वाचन थांबलं नाही.

"बारावा वाच."

तिने पानं उलटली.

"बारावा आईने नाही भरला."

सोमवारला दोन दिवस होते.

त्याने तिची फ्रेम उतरवली, टॅब आणला, हेडफोनची वायर उपटली आणि पहिला धडा लावला. दुकानात बायको वाचू लागली. तो लेकीचं बोट धरून एकेका शब्दाखाली सरकवत गेला. मधे थांबवून विचारायला हवं होतं, पण त्याला बटण दाबवेना.

पाचव्या ओळीला लेकीनेच ते दाबलं. घाईघाईने बारावा धडा काढला, खालून दुसऱ्या ओळीत एका शब्दावर बोट ठेवलं.

"बाबा, हा 'नदी' ना? आत्ता आई म्हणाली तोच?"

तो पुस्तकावर वाकला. अक्षरं सगळी एकात एक मिसळली होती.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "तू सांग."