पांढरे दिसले म्हणून

मित्रांनो, मी एक जुना प्रवाळ आहे. दगड नव्हे, दगडाला भूक लागत नाही. इजिप्तच्या किनाऱ्याजवळ, लाल समुद्रात मी तीनशे वर्षे वाढलो, वर्षाला नखाएवढा. माझ्या अंगात इवले शैवाळ राहते. ते उन्हावर माझे अन्न शिजवते. माझा तपकिरी रंगही त्याचाच, म्हणून होडीतून मी काळा डाग दिसतो.

कोळी अवद मला म्हातारा म्हणे. त्याचा मेव्हणा हमद हसायचा, "दाजी, दगडाला नांगर लागला तर काय रडणार आहे का?"

"दगड तुझ्या डोक्यात! म्हातारा आहे म्हणून मासे आहेत. काळं दिसलं की पुढे जायचं, पांढरी वाळू दिसली की टाकायचा. कळलं?"

बारा वर्षांपूर्वी समुद्र तापला. तापल्या पाण्यात शैवाळ विष ओकू लागते. त्याला बाहेर काढावेच लागते. आम्ही सगळे पांढरे पडलो. माझी नाजूक, फांद्यांची भावंडे महिनाभरात मेली. मी उपाशीपोटी तग धरला. पाणी निवले, शैवाळ परतले. पुढे माझी पिल्ले भावंडांच्या सांगाड्यांवर रुजली. वस्ती निम्मीच उभी राहिली, पण चिवट होती. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

यंदा समुद्र त्याहून तापला. अवद कंबर मोडून सहा महिने घरी पडून होता. होडीही किनाऱ्यालाच होती. दोघांना काहीच ठाऊक नव्हते. पिल्लांसकट आम्ही पांढरेफटक झालो, पण मेलो नव्हतो. पाणी निवू लागले होते. माझ्या माथ्यावर तपकिरी झाक आली होती. आणखी एक महिना मिळाला असता तर आम्ही सावरलो असतो.

त्या सकाळी होडी आली. वाऱ्याने पाणी हलत होते.

"दाजी, म्हातारा कुठं गेला?"

"मागे राहिला असेल. इथं सगळी वाळूच आहे. टाक बिनधास्त."

नांगर माझ्या माथ्यावर आदळला आणि पिल्लांना चिरडत फरफटत गेला. वर ओढला तेव्हा त्यात माझा एक तुकडा अडकला होता. अवदने त्यावरची तपकिरी झाक पाहिली, बोट फिरवले. बोटाला चिकट लागले.

"हमद," तो म्हणाला, "हा जिवंत होता रे."

मित्रांनो, शेवटी 'आमची काळजी घ्या' असे सांगायची रीत आहे. अवदने ती काळजी चाळीस वर्षे घेतली. समुद्र तापवणाऱ्यांनो, तुम्ही एक दिवस तरी घेतलीत का?