पूरआई अंघोळीला गेली

गंगुबाईच्या तोंडाला लागायची छाती अख्ख्या वाडीत कुणाची नव्हती. कल्याणात आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी गाडीनं शिट्टी मारली की बाई मळ्यातून तिला उलट शिवी हासडायची. आणि आता तीच आगगाडी तिच्या मळ्यावर उठली होती!

इंजिनांच्या कोळशासाठी नवी वखार बांधायची होती. जागा दोनच: ओढ्याकाठचं सखल माळरान, नाहीतर त्याच्या वरच्या अंगाचा गंगुबाईचा वांगी-पडवळाचा मळा. पुराचं पाणी माळरानावर चढत असेल, तर मळा जाणार. ते ठरवायला त्र्यंबकराव ओव्हरसियर यायचे होते.

वाडीला पुराचं कुणी सांगायला नको होतं. पूरआई होती ना! शेंदूर फासलेला वाटोळा धोंडा. पाणी जिथवर चढलं तिथं आईचं ठाणं. कधी पाणी तिच्याही वर गेलं, तर ओटी भरून तिला नव्या रेघेवर न्यायचं. खाली मात्र कधी आणायचं नाही. आणि आई बसली होती ती थेट मळ्याच्या बांधाशी.

मग गंगुबाईनं काय करावं? लेक शेवंती पोटुशी, म्हणून तिला नुसता कंदील धरायला लावला आणि भल्या पहाटे स्वतः आईला घरंगळवत ओढ्याजवळ नेऊन बसवलं.

"आये, पाप लागंल गो!"

"लागू दे. वांगी पुन्यावर येत नाय, मातीत येतात."

दसरा होऊन गेला होता, ओढा अजून वाहता होता. त्र्यंबकराव आले ते नारळांचं पोतं घेऊन. पाण्यात नारळ सोडायचे, घड्याळ बघायचे, खालच्या वळणावर गडी नारळ झेलायचा. मग दुसरा.

"या बाबाला याड लागलंय का? फोडला असता तर चटणी झाली असती," गंगुबाई म्हणाली.

"पाण्याचा वेग मोजतोय, बाई." मग ओढ्याची रुंदी, काठाचा उतार असं सगळं मांडून त्यांनी डोकं खाजवलं. "माझा हिशेब म्हणतो, पूर पार तुमच्या बांधापर्यंत यायला हवा. तुमची आई मात्र पुरुषभर खाली बसलीये."

"मंग आई खोटी काय?" बाई कडाडली.

"छे हो! माझा हिशेब काल शिकलेला. आई पिढ्यान्‌पिढ्या पूर बघतेय. तिचंच खरं धरतो. वखार माळरानावर."

गंगुबाईला आभाळ ठेंगणं झालं. पोतं बांधता बांधता त्र्यंबकराव म्हणाले, "पहारेकऱ्याची खोलीही इथंच, ओढ्याला लागून. धोंडीबाला नेमलंय. तुमचा जावईच ना तो? बायकोपोरांसकट राहील."

गंगुबाईनं लेकीच्या पोटाकडे बघितलं, ओढ्याकडे बघितलं. मळ्याकडे मात्र तिनं बघितलंच नाही. पदर खोचला आणि धोंडा कवेत घेतला.

"अहो, हे काय?"

"काय म्हंजे? आई अंघोलीला उतरली होती. झाली अंघोल, आता चालली घरला!"

धापा टाकत ती चढ चढली आणि बांधाशी आईला तिच्या जागी टेकवलं. त्र्यंबकरावांनी बांध बघितला, कागद बघितला आणि ते पोट धरून हसले. "तरीच! माझे नारळ खोटं बोलत नव्हते."

"नारलाचं काय जातंय? वांगी माजी गेली," असं म्हणून बाई बांधावर मटकन बसली आणि ढसाढसा रडली.

मळा गेला. रुळापलीकडे दुसरा तुकडा मिळाला, पण तिथली वांगी तशी नव्हती, आणि हे ती आगगाडीला रोज ऐकवायची.

पुढच्या श्रावणात ओढा असा फुगला की माळरान दिसेना. पाणी बांधाला टेकलं तशी गंगुबाई ओटी भरायला गेली. मागे वांग्यांच्या जागी कोळशाचे ढीग होते, आणि त्यांच्या कडेला, धोंडीबाच्या कोरड्या खोलीच्या उंबऱ्यात, रांगती नात कोळशानं तोंड माखून खदखदा हसत होती.

गंगुबाईनं आईला कुंकू लावलं आणि दम भरला, "आता परत अंघोलीला उतरशील तर बघ!"