रोजचा चढ

दीक्षा मेश्राम सकाळी उठली, पलंगाच्या कडेला सरकली आणि दोन्ही हातांवर शरीर तोलून व्हीलचेअरमध्ये बसली. उजव्या खांद्यातून कळ गेली. ती ओसरेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले. मग कपभर चहा केला, दोन्ही मनगटांवर सेन्सरचे पट्टे बांधले, चाकाला अडकवलेल्या छोट्या यंत्राचा दिवा लागला आहे ना हे पाहिले आणि लॅपटॉप उघडून कंपनीच्या कामाला लागली. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर दुसऱ्या कुणाचा आवाज नसे.

आईवडील नागपूरला होते. संध्याकाळी खडकीला व्हीलचेअर बास्केटबॉलच्या सरावात मात्र "दीक्षा, इकडे दे" अशा हाका येत. दिवसभरात तिला नावाने हाक मारली जाई ती तिथेच. खांदा बरा झाला नाही तर राज्य संघाची निवडचाचणी विसरा, असे डॉक्टरांनी बजावले होते.

खेळाडूंच्या ताकदीचा अभ्यास करणारा अभिनव त्या संध्याकाळी मोबाइलवर आलेख घेऊन आला. चाकाला दिलेल्या प्रत्येक रेट्याची ताकद त्यात उमटत असे. खेळाच्या खुर्चीप्रमाणे रोजच्या खुर्चीलाही यंत्र लावून आठवडाभर पाहू, ही कल्पना त्याचीच.

"सरावाचा दोष नाही," तो म्हणाला. "हा सगळ्यांत उंच सुळका रोज सराव संपल्यानंतरचा आहे. तेव्हा काय करता तुम्ही?"

"घरी जाते."

"घरी जायला सामन्यापेक्षा जास्त ताकद?"

"आमच्या सोसायटीचा रॅम्प पाहिला नाहीत. कमिटीने जागेची काटकसर केली आहे. त्यापेक्षा जिना सपाट वाटतो."

अभिनव हसला, पण लगेच गंभीर झाला. "मागून हात लावायला कुणी नाही?"

अपघातानंतर लोक न विचारता तिची खुर्ची हलवत, कपाट सरकवावे तशी. म्हणूनच इथे राहायला आली तेव्हा तळमजल्यावरचे माधवराव मदतीला पुढे आले, तर ती म्हणाली होती, "खुर्चीला हात लावू नका. मला जमतं."

"बरं. आमचे हात आमच्यापाशी," ते म्हणाले होते. पुढे इमारतीत तिच्याशी फारसे कुणी बोललेच नाही.

त्या रात्री सोसायटीच्या दारात सोडून रिक्षा निघून गेल्यावर ती रॅम्पच्या पायथ्याशी आली. वेग घेण्यासाठी नेहमीसारखी मागे सरकली नाही. माधवराव खिडकीशी शब्दकोडे सोडवत बसले होते.

"काका, जरा मागून हात लावाल? खांदा दुखतोय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "परवानगी मिळाली म्हणायची."

"मिळाली. पण रोज लागेल."

"मग चपला दाराशीच ठेवायला हव्यात," म्हणत ते बाहेर आले.

दीक्षाने चाकांवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.