बाईंनी निवडलेला देश

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी आमच्या कंपनीनं सॉफ्टवेअरचं काम परदेशी द्यायचं ठरवलं. मी तिथं चहा करायचो. देश निवडायचं बाईंच्या गळ्यात पडलं. बाई त्या विभागाच्या प्रमुख; चाळिशीत मला अक्षरओळख करून दिली ती त्यांनीच, एका मोडक्या कीबोर्डवर. कुठलाही देश निवडला तरी त्यांचा स्वतःचा विभाग बंदच होणार होता.

दवाखान्यात शिरेतून थेंब थेंब औषध सोडणारं यंत्र असतं, त्याचा प्रोग्राम आमच्याकडे लिहीत. बाईंनी त्यातला एक तुकडा मुद्दाम बिघडवून तीन देशांत दुरुस्तीला पाठवला. पहिल्यानं जमणार नाही म्हणून कळवलं. दुसऱ्यानं सगळं ठीक आहे म्हणून लगेच परत धाडला, चूक तशीच. तिसऱ्यानं आधी प्रश्नच विचारले. पेशंट तान्हं मूल असलं तर? मध्येच वीज गेली तर? ते वाचून बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

दुपारी टक्कलराव त्यांच्या टेबलाशी आला. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला ठेवलेलं. बाईंच्या बरोबरीनं नोकरीला लागलेला, विभागातला सगळ्यांत जुना माणूस. मी कप ठेवत होतो.

"बाई, दुसऱ्याला द्या," तो हळूच म्हणाला. "सहा महिन्यांत माती करतील. काम झक मारत आपल्याकडे येईल."

"आणि तोवर ते यंत्र ज्याच्या हाताला लावलंय, त्याचं काय?"

"तो काय तुमच्या माहेरचा आहे?"

"कुणाच्या तरी माहेरचा असेलच की."

संध्याकाळी त्यांनी तिसऱ्या देशाचं नाव वर कळवलं. विभाग रिकामा झाला, तरी बाई मागं थांबून त्या परक्या मंडळींना फोनवर सगळं समजावत राहिल्या. मग त्यांचंही टेबल उचललं.

टक्कलराव पुढं घरीच शिकवण्या घेऊ लागला. बाईंशी त्यानं बोलणं टाकलं. माझ्याकडे मात्र यायचा, त्यांच्या नावानं बोटं मोडायचा, आणि निघताना चप्पल घालता घालता विचारायचा, "बऱ्या आहेत ना त्या?"

मागच्या वर्षी थंडी सरताना मीच त्याच्याकडे गेलो. शिकवणी चालू होती. मला दारात बघून त्यानं हातातला खडू खाली ठेवला. बाई त्या दिवशी पहाटे वारल्या होत्या.