डावखुऱ्या हाताचा वस्तरा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नव्हे, सगळं माहीत असून. ज्या काचेच्या पेटीत तुम्ही मला मखमलीवर निजवलंय, तिच्यावरची पाटी खोटी आहे आणि ती तुम्हीच लावलीत.

मित्रांनो, साहेब म्हणजे या रुग्णालयाचे आजचे प्रमुख; त्यांच्याकडे मी नंतर वळतो. आधी तुम्ही ऐका. मी एक जुना वस्तरा आहे. पाटी म्हणते, ‘रुग्णालयाचे संस्थापक मोठे डॉक्टर यांचे शस्त्रक्रियेचे हत्यार.’ मोठ्या डॉक्टरांनी मला आयुष्यात एकदाही हातात धरलं नाही. भला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आपण गेल्यावर आपल्या नावावर लोक काय काय खपवतात, हे बिचाऱ्याला कुठून कळणार?

मी ज्याचा होतो तो या रुग्णालयाचा न्हावी. सगळे त्याला डावखुरेमामा म्हणत. कारण उघड आहे, तो सगळं डाव्या हाताने करायचा. त्याच्या उस्तादाने धंदा सोडताना मला त्याच्या हाती दिलं. पोलादाचं पातं, शिंगाची मूठ, आणि धार अशी की बघणाऱ्याची बोटं आपोआप खिशात जात.

ऑपरेशनच्या आधी रोग्याचं पोट, छाती, डोकं साफ करायचं, हे आमचं काम. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं. घाबरून लाकूड झालेल्या माणसाच्या पोटावरून पातं फिरवून बघा, मग बोला. मामा मला आधी कोमट पाण्याच्या मगात बुडवायचा. थंड पोलाद लागलं की माणूस दचकतो, आणि दचकला की कापलं जातं. खाटेजवळ जाताना तो मला मिटून तळहातात लपवायचा आणि रोग्याशी भलतंच काहीतरी बोलत राहायचा.

"काय हो, घोरता का तुम्ही?"

"बायको म्हणते तसं."

"मग आज डॉक्टरांची पंचाईत आहे. झोपवणार तेच, आणि ऐकणारही तेच."

रोगी हसायचा. तेवढ्यात अर्धं पोट साफ झालेलं असायचं.

आणखी एक काम होतं. माणूस गेला की त्याचे नातलग येण्याआधी मामा त्याची दाढी करायचा. तेव्हाही मला कोमट पाण्यात बुडवायचा. एकदा एका परिचारिकेने विचारलं, "मामा, आता याला गार काय नि गरम काय?" मामा म्हणाला, "त्याला नसेल कळत. मला कळतं ना."

इतकी वर्षं एकाच अंगठ्याने दाबून धरल्यामुळे माझ्या मानेवर, पातं आणि मूठ यांच्या मधल्या भागावर, एक उथळ खळगा पडला. डाव्या अंगठ्याचा. मुठीचा एक खिळा निखळला, तर मामाने दिव्याच्या जुन्या वायरमधली तांब्याची तार ओढून, ठोकून बसवली. टोचू नये म्हणून माझं टोक त्याने दगडावर घासून गोल केलं. माझ्या अंगावर त्याची सहीच होती म्हणा ना.

मग बदलून फेकायची पाती आली. ठीक आहे, काळ बदलतो, त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की मामाने मला घरी न्यायला मागितलं, तेव्हा भांडारातला कारकून म्हणाला, "भांडाराच्या पेटीत जमा आहे म्हणजे रुग्णालयाचा आहे." उस्तादाने दिलेली वस्तू, आणि ती रुग्णालयाची. पत्र्याच्या पेटीत मी गंजत पडलो. मामा गेला तेव्हा त्याची दाढी कोणी केली, कशाने केली, पाणी कोमट होतं का, मला माहीत नाही. याच एका गोष्टीसाठी मी अजून कातावलेला आहे.

पुढे रुग्णालयाचा मोठा समारंभ ठरला. जुन्या वस्तूंचं दालन उघडायचं होतं आणि फीत कापायला मोठ्या डॉक्टरांचा नातू येणार होता. नातवाला दाखवायला आजोबांची एकही वस्तू सापडेना. सापडलो मी.

मला जुनी हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे पाठवलं. त्याने आधी गंजावर तेल सोडलं, मऊ फडक्याने पुसलं आणि भिंग लावून मला उलटसुलट पाहिलं. मग फोन केला. मी त्याच्या पुढ्यातच होतो, शब्दन्‌शब्द ऐकला.

"साहेब, मोठे डॉक्टर डावखुरे होते का?"

"नव्हते. का?"

"याच्या मानेवर अंगठ्याचा खळगा आहे, तो डाव्या हाताचा आहे. आणि हा दाढीचा वस्तरा आहे. कुणा न्हाव्याचा असणार."

मग तुमचा आवाज आला, साहेब.

"तुम्हाला दुरुस्तीला दिलाय की पंचनाम्याला? पाटी छापून झालीय. तो खळगा घासून सपाट करा. मूठही बदला, पांढरी बसवा."

"खळगा गेला की ओळख जाईल."

"चकाकला पाहिजे, बस."

कारागिराने खूप वेळ मला हातात धरलं. मग घासायचं चाक सुरू केलं. मित्रांनो, गंज काढणं म्हणजे दुरुस्ती. माणूस काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. जुन्या वस्तूला हात लावाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

समारंभानंतर मामाची मुलगी आली. सगळा जन्म तिने इथल्याच धुलाईखात्यात चादरी उकळल्या. पेटीपुढे येऊन ती थबकली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"ओ ताई, काचेला हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"हात कुठे लावलाय? नाक लावलंय. हा माझ्या बाबांचा वस्तरा आहे. हे गोल टोक बाबांनी केलेलं."

"परवा एक आजोबा दालनातल्या त्या जुन्या खाटेला आपली म्हणत होते. साहेबांना भेटा."

ती तुम्हाला भेटली. वस्तरा नको म्हणाली. फक्त पाटीवर बाबांचं नाव लिहा म्हणाली. तुम्ही म्हणालात, "बाई, गोल टोकाचे वस्तरे ढिगाने असतील. पुरावा आणा." तिने डाव्या अंगठ्याच्या खळग्याचं सांगितलं. तुम्ही तिला इथवर आणलंत, माझ्या गुळगुळीत मानेकडे बोट केलंत आणि विचारलंत, "कुठे आहे?"

ती काचेवर वाकली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाबा डावखुरे होते, हे मीच मनाने रचलं का?"

साहेब, तेव्हा तुम्ही घड्याळ पाहिलंत.

पण ती घरी गेली नाही. मला कोणी चकाकवलं हे पहारेकऱ्याला विचारून ती कारागिराचा पत्ता शोधत गेली. त्याने तिला सगळं सांगितलं, काहीही न झाकता. आज सकाळपासून ती दोघं माझ्या पेटीसमोर, तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली आहेत आणि हेच सगळं बोलताहेत. तुमचा शिपाई सांगतो, साहेब बैठकीत आहेत. दाराच्या जाळीतून तुमचे बूट दिसतात, साहेब, आणि खोलीत दुसरं कोणी नाही.

दार उघडा. बाहेर या. त्या बाईच्या तोंडाकडे बघा आणि कारागिरासमोर सांगा: जो पुरावा तुम्ही तिच्याकडे मागितलात, तो घासून टाकायला कोणी सांगितलं?