नवव्या संध्याकाळचे पेले

ब्रिसा इंजिनिअरिंगला गेल्यापासून तिच्या आईच्या स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटली जायला लागली होती. पोरीने पर्यावरणाचा विषय घेतला होता. घ्यावा की, कोण नको म्हणतंय? पण पुस्तक कॉलेजात ठेवून घरी यावं! ही ते घेऊन थेट न्हाणीघरात शिरली. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं ते बादलीत धरायचं आणि झाडांना घालायचं. तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, आणायला कागद घ्यायचा नाही, घरचं फडकं न्यायचं. रसवाला पिशवीत रस ओतायला लागला की ही डबा पुढे करणार आणि मागची रांग खोळंबणार. थोरला भाऊ एफ्राइन तिला मंत्रीणबाई म्हणायचा.

"मंत्रीणबाई, दिवा लावू का? की अंधारातच बूट चाचपू?"

चेष्टेचं ब्रिसाला फारसं काही वाटायचं नाही. तिचं डोकं फिरायचं ते वेगळ्याच गोष्टीने. आपण मूठभर वाचवायचं आणि शेजारी पोतंभर उधळायचं, हे तिला सहन व्हायचं नाही. वाहाका शहराच्या कडेच्या त्या वस्तीत कचऱ्याची गाडी मनात आलं तर यायची, नाहीतर कोपऱ्यावरचा ढीग वाढत जायचा. सगळे नाकाला रुमाल लावून त्याच्या बाजूने जायचे आणि जाताना त्यात आणखी एक पिशवी टाकायचे.

अशात तिचे आजोबा, आबुंदियो, वारले. रीतीप्रमाणे नऊ संध्याकाळ घरात जपमाळ झाली. गल्ली लोटायची. आलेल्या प्रत्येकाच्या हातात गरम चॉकलेट आणि गोड पाव, आणि चॉकलेट अर्थातच थर्माकोलच्या पेल्यात. आठवी संध्याकाळ होईपर्यंत पेल्यांची पोती कोपऱ्यावर जमली, कुत्र्यांनी ती फाडली आणि वाऱ्याने पेले गल्लीभर केले. आजोबा रोज सकाळी दारापुढचा रस्ता झाडायचे. त्यांच्याच नावाने प्यायलेले पेले त्यांच्याच दारात लोळत होते. ब्रिसाला ते बघवेना.

"आई, उद्या शेवटची संध्याकाळ आहे. उद्या तरी मातीचे पेले वापरू या. चर्चच्या समितीकडे शंभर आहेत."

"अगं, ते उत्सवाचे आहेत. दोन्या चोलेच्या ताब्यात असतात. एकाचा टवका उडाला तर ती बाई माझ्या नातवंडांना ऐकवेल."

"मी धुईन. मी मोजून परत नेऊन देईन."

"आणि पाहुण्यांना आठवण म्हणून वाट्या द्यायच्या आहेत, बाबांच्या नावाच्या, त्यांचं काय?"

"प्लास्टिकच्या?"

"नाही, चांदीच्या! प्लास्टिकच्याच असतात, सगळे देतात."

"मग नकोत. त्या मेल्या वाट्या कोण वापरतं?"

ब्रिसाच्या आईने, एर्मिनियाने, हातातला चमचा खाली ठेवला. आठ दिवस रडून आणि राबून ती बाई थकली होती. थकलेला माणूस एकतर भांडतो, नाहीतर हो म्हणतो.

"बरं. मी दोन्या चोलेला शब्द देते. पण कान उघडे ठेवून ऐक, ब्रिसा. शंभर आणायचे, शंभर परत द्यायचे. एक जरी कमी भरला ना, तर ह्या घरात तुझं हे शहाणपण बंद. मग मी म्हणेन त्यात जेवायचं आणि मी म्हणेन त्यात प्यायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"कबूल," ब्रिसा म्हणाली. तिच्या मते ती तेव्हाच जिंकली होती.

नववी संध्याकाळ छान झाली. गेलेल्यासाठी जमिनीवर काढलेला चुन्याचा क्रूस रीतीप्रमाणे फुलांनी गोळा करून उचलला, बायका रडल्या, मग चॉकलेट आलं. "मातीतल्या चॉकलेटची चवच न्यारी!" असं कुणीतरी म्हणालं आणि ब्रिसाची छाती फुगली. बाह्या सरसावून ती मागच्या अंगणात हौदापाशी जाऊन उभी राहिली आणि पेल्यांची वाट बघू लागली. थोडे आले. मग आलेच नाहीत. ती हात पुसत पुढच्या दारात आली.

पाहुणे निघाले होते. एकीच्या शालीतून पेला डोकावत होता, दुसरीने रुमालात गुंडाळून काखेत मारला होता. तिसरी दारात थांबून आईच्या गळ्यात पडली होती.

"किती सुरेख आठवण दिलीस गं, एर्मिनिया! रोज सकाळी ह्यात कॉफी घेईन आणि आबुंदियोंना आठवेन."

आईच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते तिथे खिळे ठोकून बसवल्यासारखं. "देव तुमचं भलं करो," ती म्हणत होती. दुसरं काय म्हणणार? दुखवट्याच्या दारात पाहुण्याला सांगायचं, की बाई, काखेतला पेला काढ?

शेवटच्या संध्याकाळी गेलेल्याच्या घरून कुणी रिकाम्या हाताने जात नाही, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. ब्रिसाच्या घरातलं मीठसुद्धा कुणा ना कुणा मेलेल्याच्या नावाच्या वाटीत होतं. आणि ह्या हुशार मुलीने वाट्या रद्द केल्या, त्यांच्या जागी काही ठेवलं नाही आणि लोकांच्या हातात सुंदर मातीचे पेले दिले! लोकांनी दुसरं काय समजायचं होतं?

निम्म्याहून जास्त पेले गेले होते. आई राहिलेले पेले हलक्या हाताने ओळीने लावत होती. त्यापेक्षा तिने भांडी आपटली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ब्रिसा टोपली घेऊन दारोदार निघाली. मेलेल्याच्या नावाने दिलेलं परत मागायचं म्हणजे भीक मागण्याहून वाईट. पहिल्याच घरात तिने टोपली पुढे करून, पेले चर्चचे आहेत, एवढं कसंबसं सांगितलं.

"आठवण नव्हती होय ती?" घरातली बाई म्हणाली. "तरी म्हटलं, एर्मिनियाचा हात एवढा सैल कधीपासून झाला!"

हे ऐकून घेतलं. पण खरी शिक्षा पुढेच होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हीही रीतच. कुणी पेल्यात शिजवलेला काळा घेवडा भरला, कुणी हिरवी चटणी, कुणी लालभडक जेली. आणि सांडू नये म्हणून प्रत्येक पेला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, वर दुसऱ्या पिशवीत.

"मावशी, पिशवी नको. टोपली आहे ना माझ्याकडे."

"गप गं! सांडलं म्हणजे? घे, अजून एक घालते."

ब्रिसा दात-ओठ खात आभार मानत होती. टोपली भरली की घरी रिकामी करायची, की पुन्हा बाहेर. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात साठलेल्या पिशव्यांचा ढीग बघून तिला ओरडावंसं वाटलं. एवढा कचरा आठ दिवसांच्या थर्माकोलनेही केला नव्हता. ओरडायचं तरी कुणावर? सगळे प्रेमानेच वागत होते, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

दुपारपर्यंत एक सोडून सगळे पेले जमले. राहिलेला होता गल्लीभरच्या काकाकडे, तिओ लिनोकडे. हा आजोबांचा दोस्त. दोघांची सकाळची कॉफी एकाच बाकावर व्हायची.

तिओच्या खोलीत देवीच्या तसबिरीखाली तो पेला होता. त्यात कॉफी होती, वाफ येत होती. स्वतः तिओ पत्र्याच्या मगातून पीत होता.

"बस पोरी. त्याची निवते आहे," पेल्याकडे मान वळवून तो म्हणाला. मग टोपलीकडे बघून त्याच्या लक्षात आलं. "हां, पेले गोळा करते आहेस, शेजारीण म्हणत होती. थांब, देतो."

तो भिंतीला धरून उठला. पेला खाली घेतला, त्यातली कॉफी स्वतःच्या मगात ओतली, पेला विसळला. मग तो हातात धरून फळीपुढे उभा राहिला. एक डबा उघडून बघितला, झाकला. दुसरा उघडला.

"रिकामा कसा देऊ गं?" तो पुटपुटला. तिसऱ्या डब्यात तळाशी थोडी साखर होती. ती सगळी त्याने पेल्यात ओतायला घेतली.

"तिओ, नको," ब्रिसा म्हणाली. "तुमचा नाही न्यायचा. तुमचा आठवणीचाच आहे. आईने मुद्दाम वेगळा काढला होता. मी नुसती भेटायला आले."

"खरं?"

"खरं."

घरी आईने पेले धुऊन ओळीने मांडले आणि बोटाने मोजले.

"नव्याण्णव."

"एक फुटला."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

आईने शाल घेतली आणि पेले एफ्राइनच्या गाडीवर चढवून दोन्या चोलेकडे गेली. परत आली तेव्हा तिचं तोंड लाल झालं होतं. तिकडे काय ऐकून घेतलं ते तिने सांगितलं नाही.

ब्रिसाला वाटलं, सांगून टाकावं. खरं कळलं असतं तर आई विरघळली असती, कदाचित जवळही घेतलं असतं. पण आई विरघळली की बोलते. संध्याकाळी गल्लीला कळलं असतं आणि सकाळी तिओ लिनो पेल्यात साखर घालून भिंती धरत दारात आला असता.

आईने फळीखालून थर्माकोलच्या ताटल्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"घासायला अंगात जोर नाही माझ्या. मांड."

एफ्राइनने बहिणीकडे बघितलं आणि खुर्ची ओढली. ब्रिसाने पाकीट फोडलं. एक ताटली आईपुढे ठेवली, एक भावापुढे. शेजाऱ्यांचा घेवडा वाढला. मग आणखी एक ताटली काढून स्वतःपुढे ठेवली आणि मुकाट्याने जेवायला बसली.